चोवीस पडद्यांचा वाद

वाद सुरू झाला चोवीस पडद्यांवरून. वसई पश्चिमेला एक शिक्षणसंस्था आहे. तिच्या दोन इमारती, मधे रस्ता. रस्ता खोदायची परवानगी मिळेना म्हणून एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर रेडिओ लिंक टाकलेली. मागणी साधी होती : मुख्य इमारतीच्या सभागृहातलं व्याख्यान पलीकडच्या चोवीस वर्गांत एकाच वेळी दिसलं पाहिजे. एका चित्राला सेकंदाला ६ मेगाबिट लागतात. चोवीस वर्गांना चोवीस प्रती पाठवायच्या तर १४४ मेगाबिट. ती लिंक कागदावर काहीही म्हणो, प्रत्यक्षात शंभरावर थकते.

काम आलं आमच्या शेजारच्या मामाकडे. झी टीव्ही आला त्या १९९२ सालापासून हा माणूस केबलच्या धंद्यात. आधी डिश आणि कोॲक्स, मग सेट-टॉप बॉक्स, आता फायबर. त्याची भाची मुंबईत एका शेअर दलाली कंपनीचं नेटवर्क सांभाळते. वसईहून लोकल धरून वांद्र्याला उतरते. रविवारी ती मामाकडे आली होती. मी तिथे का होतो हे महत्त्वाचं नाही. मधे बसून ऐकलं, काही गोष्टी नंतर वाचून ताडून पाहिल्या, त्या इथे देतो.

भाचीने कागद पाहिला आणि एका वाक्यात निकाल लावला : मल्टिकास्ट लाव. लिंकवरून एकच प्रत जाईल, पलीकडे पोचल्यावर चोवीस होतील. मामा म्हणाला, अजिबात नको.

मला नवल वाटलं ते याचं, की ज्याने तीस वर्षं एक सिग्नल अख्ख्या गावाला वाटला तो माणूस ‘प्रत्येकाला वेगळं पाठव’ म्हणत होता, आणि जिचा जन्म इंटरनेटच्या काळातला ती ‘एकदाच पाठव’ म्हणत होती.

मामा : बाय, मी तेच केलंय आयुष्यभर. डिशवरून उतरवायचं, ट्रंक लाईनमध्ये सोडायचं, जिथे फाटा तिथे टॅप. कोण बघतंय, किती जण बघतायत, केबलला पत्ता नसायचा. म्हणून ती चालायची. तुझ्या मल्टिकास्टमध्ये राउटरला विचारावं लागतं कोण बघतंय, ते लक्षात ठेवावं लागतं आणि वेळेवर विसरावंही लागतं. हे तिसरं जे आहे ना, विसरणं, तिथेच सगळी माती होते.

भाची : पण तुझ्या केबलवर शंभर चॅनल घरोघर जायचे आणि घरात बघायचे एकच. बाकी नव्व्याण्णव फुकट. इथे ज्याने मागितलं त्याच्याच दिशेला प्रवाह जातो. वर्गातला पडदा आयजीएमपी नावाच्या नियमाने सांगतो, मला अमुक ग्रुप पाहिजे. ते त्याच्या राउटरला कळतं. तो राउटर पिम नावाच्या दुसऱ्या नियमाने वरच्या राउटरला सांगतो, तो त्याच्या वरच्याला. असं करत मागणी उगमापर्यंत जाते आणि आलेल्या वाटेने चित्र खाली उतरतं. जिथे वाट फुटते तिथेच प्रत निघते, आधी नाही. पहाटेच्या लोकलने वसईला पेपरचा एकच गठ्ठा उतरतो आणि स्टेशनबाहेर तो सुटतो, तसं.

मामा : गठ्ठ्यात पेपर तेवढेच असतात की! लोकलला वजन कमी होतं काय?

भाची हसली आणि तिने ती उपमा मागे घेतली. मीही दुसरी देत नाही; जे घडतं ते सरळ सांगितलेलं बरं. आयपी पत्त्यांमध्ये २२४ पासून २३९ पर्यंतची पट्टी अशा ग्रुपसाठी राखलेली आहे. तो पत्ता कुठल्याच यंत्राचा नसतो. पाठवणारा त्या पत्त्यावर पाठवतो, आणि त्याला ऐकणारे किती आणि कोण हे माहीत नसतं. ही रचना स्टॅनफर्डमध्ये शिकणाऱ्या स्टीव्ह डीअरिंगची. १९८९ च्या ऑगस्टमध्ये आरएफसी १११२ हा दस्तऐवज आला आणि ती इंटरनेटच्या नियमात बसली. १९९२ च्या मार्चमध्ये सॅन दिएगोत इंटरनेटच्या तंत्रज्ञांची सभा भरली, तिचा आवाज वीसेक ठिकाणी याच पद्धतीने पोचवला गेला. त्यातून उभ्या राहिलेल्या जाळ्याला एमबोन म्हणत. १९९४ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या मैफलीतला काही भागही त्यावरून गेला.

मामाला हा इतिहास नवा नव्हता.

मामा : मग तो एमबोन गेला कुठे? २०२३ च्या नोव्हेंबरची १९ तारीख आठव. अहमदाबादची वर्ल्ड कप फायनल. हॉटस्टारवर एका क्षणी ५ कोटी ९० लाख लोक होते. प्रत्येकाला वेगळी प्रत, सगळं युनिकास्ट. पडलं का बंद? आपण हरलो तेवढंच. तुझा मल्टिकास्ट तिथे का नाही वापरला?

भाची : कारण ते पब्लिक इंटरनेट होतं. हॉटस्टारच्या ग्रुपची नोंद तुझ्या राउटरने का ठेवावी? मेमरी तुझी, डोकेदुखी तुझी, पैसे त्यांना. शिवाय मूळ रचनेत कुणीही कुठल्याही ग्रुपवर पाठवू शकतो. एखाद्या टवाळाने त्याच ग्रुपवर कचरा सोडला तर ऐकणाऱ्या सगळ्यांना तो मिळणार. २०२० मध्ये आरएफसी ८८१५ ने सरळ सांगितलं की वेगवेगळ्या मालकांच्या जाळ्यांमध्ये असला ‘कुणीही पाठवा’ मल्टिकास्ट सोडून द्या. हे मी मान्य करते. पण हॉटस्टारने काय केलं ते बघ. प्रवाह ठिकठिकाणच्या सर्व्हरवर नेला आणि तिथून प्रती वाटल्या. म्हणजे फाट्यावरच प्रत काढली.

मामा : काढली. पण राउटरने नाही, सर्व्हरने. मला सर्व्हर उघडून बघता येतो, लॉग वाचता येतो, कुणाला चित्र गेलं आणि कुणाला नाही हे सांगता येतं. आपल्याकडच्या चर्चची नाताळची मिस्सा कुवेतला, इस्रायलला पोरं यूट्यूबवर बघतात. कोण म्हणेल त्यांच्यासाठी पिम लावा म्हणून?

भाची : कुणीच नाही. पण मी तुझ्यासमोर त्या पोरांची गोष्ट ठेवत नाहीये. माझ्या धंद्याची ठेवते.

इथे ती सावरून बसली, आणि मलाही वाटतं की या विषयातलं महाराष्ट्रात घडलेलं सगळ्यात मोठं प्रकरण तिने काढलं ते बरं केलं. मल्टिकास्टकडे लोक बँडविड्थ वाचवायची युक्ती म्हणून बघतात. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या शेअर बाजारात तो न्यायाचा प्रश्न झाला होता.

राष्ट्रीय शेअर बाजारात, म्हणजे एनएसईत, शेअर्सची खरेदी-विक्री ३ नोव्हेंबर १९९४ ला सुरू झाली. सुरुवातीपासून एनएसईने उपग्रह वापरला. देशभरच्या दलालांच्या गच्च्यांवर व्हीसॅटच्या छत्र्या आल्या. आकाशातून भाव उतरायचा तो सगळ्यांना एकदम. २००९-१० च्या सुमारास कोलोकेशन आलं : दलालाने आपला सर्व्हर एक्स्चेंजच्याच आवारात भाड्याने ठेवायचा, म्हणजे भाव पोचायला वेळच लागू नये. तिथे प्रत्येक ऑर्डरची हालचाल सांगणारा ‘टिक बाय टिक’ प्रवाह दिला जाई, तो टीसीपीवर. टीसीपी म्हणजे युनिकास्टच. प्रत्येक दलालाशी वेगळी जोडणी.

भाची : आता विचार कर. सर्व्हरकडे एक टिक आली. जोडण्या समज तीस आहेत. प्रोग्राम पहिल्या जोडणीला पाठवतो, मग दुसरीला, मग तिसरीला. क्रम कसा? जो सकाळी आधी लॉगिन करेल तो आधी. सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान फरक, पण मशीन मशीनशी खेळतंय तिथे तेवढा पुष्कळ झाला. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या आदेशात हे सगळं आलंय : क्रमाने वाटप होत होतं, क्रम हलवून देणारी किंवा भार सारखा वाटणारी सोय नव्हती, आणि काही जण सातत्याने आधी जोडले जात होते.

मामा : आणि पुढे?

भाची : २०१४ पर्यंत त्या प्रवाहासाठी मल्टिकास्ट आला. सर्व्हर एकदाच पाठवतो. प्रती काढायचं काम स्विचच्या चिपमध्ये होतं. पाठवणाऱ्याच्या दारात रांगच नाही, तर पहिला कोण?

पुढचा घटनाक्रम मी भर घालून सांगतो, कारण तो वर्तमानपत्रांत तुकड्यातुकड्याने आला. २०१५ मध्ये एका निनावी जाणकाराचं पत्र सेबीकडे आणि पत्रकार सुचेता दलाल यांच्याकडे गेलं. त्यांच्या ‘मनीलाइफ’ने ते छापलं. एनएसईने शंभर कोटींचा बदनामीचा दावा लावला. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एनएसईची अंतरिम मागणी फेटाळली आणि वर ५० लाखांचा खर्च बसवला. ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात सेबीने एनएसईला ६२४ कोटी ८९ लाख रुपये व्याजासह भरायला सांगितले. जानेवारी २०२३ मध्ये रोखे अपील लवादाने ती वसुली रद्द केली, मात्र पुरेशी दक्षता घेतली नाही म्हणून १०० कोटी भरायला लावले. आणि संगनमताचा आरोप पुराव्याअभावी टिकत नाही असं सेबीनेच २०२४ च्या सप्टेंबरमध्ये म्हटलं. हे शेवटचं वाक्य लोक विसरतात. ज्या रचनेत पहिला नंबर असतो तिथे कुणीतरी पहिला लागणारच. त्यासाठी कुणी कुणाशी हातमिळवणी करायलाच हवी असं नाही.

मामाने हे सगळं ऐकून घेतलं, पण हार मानली नाही.

मामा : हा दोष युनिकास्टचा नाही, रांगेचा आहे. दर टिकला क्रम उलटापालटा केला असता तर भागलं असतं. आणि मल्टिकास्ट आल्यावर शर्यत संपली का? आता दलाल केबलची लांबी मोजत असतील.

भाची : मोजतात. म्हणून एक्स्चेंजं रॅकपर्यंतच्या केबली सारख्या लांबीच्या ठेवतात.

मामा : बघ. आणि टीसीपीत पॅकेट हरवलं तर परत येतं. तुझा मल्टिकास्ट यूडीपीवर. हरवलं की गेलं.

भाची : प्रत्येक टिकला क्रमांक असतो. मधला गाळलेला दिसला की आमचा प्रोग्राम वेगळ्या टीसीपी जोडणीवरून तेवढाच मागून घेतो.

मामा : म्हणजे शेवटी युनिकास्टच्याच पाया पडलीस.

भाची : गरजेपुरती.

चहा आला. मामाने मग खिशातला कागद काढून पलीकडच्या इमारतीचा नकाशा काढला, आणि गप्पा हवेतून जमिनीवर आल्या. दोन्ही इमारतींची जाळी मुद्दाम वेगळी ठेवलेली आहेत. मागे कुणीतरी एका केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचली होती, तेव्हा दोन्ही इमारती एकदम बसल्या. म्हणून आता दोन राउटर, मधे रेडिओ लिंक, आणि लिंक पडली तर म्हणून ब्रॉडबँडवरून एक व्हीपीएन.

भाचीने लॅपटॉप उघडला. सिस्कोच्या राउटरवर तीन ओळींचं काम, ती म्हणाली. ‘आयपी मल्टिकास्ट-राउटिंग’ ही आज्ञा एकदा. ‘आयपी पिम स्पार्स-मोड’ प्रत्येक संबंधित इंटरफेसवर. आणि ‘आयपी पिम आरपी-ॲड्रेस’, पुढे मुख्य इमारतीच्या राउटरचा पत्ता, दोन्हीकडे सारखा.

मामा : आरपी कशाला?

भाची : ऐकणाऱ्याला पाठवणारा ठाऊक नसतो आणि पाठवणाऱ्याला ऐकणारा. दोघांनी भेटायची एक ठरलेली जागा लागते, ती आरपी. ऐकणाऱ्याची मागणी तिथे जाते, पाठवणाऱ्याचा पहिला डेटाही तिथेच जातो. भेट झाली की ऐकणाऱ्याकडचा राउटर सरळ उगमाकडची जवळची वाट धरतो, आरपी बाजूला राहते. सिस्कोवर हे पहिल्या पॅकेटलाच होतं.

मामा : तीन ओळी आणि तीन रात्री. आता माझं ऐक. ते सभागृहातलं चित्र पाठवणारं एन्कोडर खोकं आहे ना, त्याचा टीटीएल किती?

भाची थांबली. टीटीएल म्हणजे पॅकेटने किती राउटर ओलांडावेत याचा आकडा. दर राउटरला तो एकाने कमी होतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून दिलं जातं. पुष्कळ एन्कोडर आणि कॅमेरे मल्टिकास्ट पाठवताना तो मुळात १ ठेवतात, म्हणजे आपल्या जाळ्याबाहेर जाऊच नये. कॉन्फिगरेशन बिनचूक असतं, राउटर पॅकेट मुकाट गिळतो आणि माणूस पिमच्या ओळी पुन्हा पुन्हा तपासत बसतो.

भाची : बघावा लागेल.

मामा : दुसरं. तुझा पिम उगमाकडची वाट कुठे बघतो? साध्या युनिकास्टच्याच राउटिंग टेबलात. त्या टेबलात मुख्य इमारतीकडची वाट व्हीपीएनवरून दाखवली असेल आणि व्हीपीएनच्या इंटरफेसवर तू पिम चालू केला नसशील, तर मागणी जाणारच नाही. लिंक ठणठणीत, पिंग जातंय, आणि पडदा काळा.

भाची : ती आरपीएफची तपासणी. ‘शो आयपी आरपीएफ’ करून उगमाचा पत्ता दिला की कळतं.

मामा : कळतं ज्याला ती आज्ञा माहीत आहे त्याला. शाळेच्या शिपायाला नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्या दोन पोरांनाही नाही.

मग त्याने एका लॉजची गोष्ट सांगितली. नाव तोही सांगेना, मीही विचारलं नाही. तिथे खोल्यांतल्या टीव्हींना मल्टिकास्टने चॅनल दिले होते. चित्र छान यायचं, आणि चार-सव्वाचार मिनिटांनी थिजायचं. चॅनल बदलून परत आलं की पुन्हा चालू, पुन्हा तेवढ्याच वेळाने बंद. मालकाला वाटलं टीव्ही खराब. दोन टीव्ही बदललेही.

खरा प्रकार असा. स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग नावाची सोय असते. कुठल्या तारेवरच्या टीव्हीने कुठला ग्रुप मागितला हे स्विच चोरून ऐकतो आणि प्रवाह तेवढ्याच तारेवर सोडतो. पण ती नोंद कायमची नसते. जाळ्यातला कुणीतरी, बहुधा राउटर, ठरावीक वेळाने सगळ्यांना विचारतो, ‘अजून कुणाला हवं आहे का?’ टीव्ही ‘हो’ म्हणतो आणि नोंद ताजी होते. प्रमाणित आकड्यांप्रमाणे हा प्रश्न दर १२५ सेकंदांनी येतो. दोन फेऱ्या चुकल्या आणि वर उत्तराचे १० सेकंद गेले की नोंद पुसली जाते. दोनदा १२५ आणि १० मिळून २६० सेकंद, म्हणजे चार मिनिटं वीस सेकंद. त्या लॉजच्या जाळ्यात विचारणारा, ज्याला क्वेरिअर म्हणतात, तोच नव्हता. टीव्हीने सुरुवातीला आपणहून मागितलं ते चाललं, पुढे कुणी विचारलंच नाही. चॅनल बदलला की नवी मागणी जायची, म्हणून चित्र परत यायचं. स्विचवर क्वेरिअर चालू करायची एक ओळ घातली, रोग गेला.

मामा : विसरणं म्हणालो ना मघाशी? ते हे.

भाची : पण मामा, तू तो दुरुस्त केलास. तीच विद्या इथे वापर.

मामा : मी केला, कारण मी घड्याळ लावून बसलो होतो. मी किती लॉजमध्ये बसू?

यावर भाचीनेही एक अशी गोष्ट काढली जी मामाला ठाऊक नव्हती. ग्रुपचा पत्ता आयपीत २८ बिटांचा उरतो, पण इथरनेटच्या मॅक पत्त्यात त्याला २३ बिटांचीच जागा आहे. पाच बिटं गळतात, म्हणून ३२ वेगवेगळे ग्रुप एकाच मॅक पत्त्यावर येऊन पडतात. नेटवर्कवाले सांगतात की डीअरिंगला मॅक पत्त्यांचे सोळा पूर्ण गट हवे होते, प्रत्येकी हजार डॉलरचे. इंटरनेटचे क्रमांक सांभाळणाऱ्या जॉन पोस्टेल यांनी एकच घेतला आणि त्यातलाही अर्धाच त्याच्या हाती ठेवला. खरं-खोटं देव जाणे, पण गळती खरी आहे. तिचा परिणाम असा की खासगी वापराचा म्हणून कुणी २३९.०.०.५ असा ग्रुप निवडला, तर मॅकच्या पातळीवर तो २२४.०.०.५ सारखाच दिसतो. २२४.०.०.x ही पट्टी राउटरांच्या आपसातल्या बोलण्याची, ती स्विच न विचारता सगळ्या तारांवर सोडतो. म्हणजे स्नूपिंग असून नसल्यासारखं. ‘म्हणून २३९.१० पासून पुढे घे, शून्य टाळ,’ ती म्हणाली. मामाने हे कागदाच्या कोपऱ्यात लिहून घेतलं. माझ्या मते वादातला हा तिचा सर्वांत नेमका वार होता, आणि तो तिने सहज बोलता बोलता केला.

मामा : बरं, माझा तोडगा. पलीकडच्या इमारतीत एक छोटं खोकं ठेवतो. लिंकवरून ते एकच प्रवाह घेईल, ६ मेगाबिट. इमारतीत गिगाबिट स्विच आहेत, तिथे खोकं चोवीस प्रती काढून चोवीस पडद्यांना देईल. १४४ मेगाबिट त्या स्विचला काहीच नाही. तुझं गणित साधलं, पिम नाही, आरपी नाही, क्वेरिअर नाही.

भाची गप्प झाली. मला वाटलं, संपलं. हा तोडगा खरंच भारी होता. हॉटस्टारचीच रीत, एका इमारतीपुरती.

भाची : खोकं बंद पडलं तर?

मामा : दुसरं ठेवतो कपाटात.

भाची : म्हणजे चोवीस वर्ग बसलेत, व्याख्यान चालू आहे, आणि तुझा पोरगा कपाटाची किल्ली शोधतोय. राउटर तर तिथे असणारच आहे. आज चोवीस आहेत, उद्या पडदे साठ झाले तर खोकं बदलावं लागेल; राउटरला काहीच करावं लागणार नाही. आणि तू म्हणतोस मल्टिकास्ट नको, पण तुझ्या फायबरचं काय? स्प्लिटर लावून तू बत्तीस घरांना तोच प्रकाश पाठवतोस. जीपॉन म्हणतात त्या या पद्धतीत खाली येणारे अडीच गिगाबिट प्रत्येक घराच्या दारात पोचतात, घरचं यंत्र आपलं तेवढं उचलतं. बीएसएनएलने २०२४ मध्ये फायबरवर टीव्ही सुरू केला. शेकडो लाइव्ह चॅनल आपल्याच बंद जाळ्यात द्यायचे तर मल्टिकास्टसारखी वाट नाही.

मामा : बंद जाळ्यात! मघापासून मी तेच ऐकायला बसलोय. सगळे राउटर एका मालकाचे, सगळे स्विच एकाने घेतलेले, आणि सांभाळायला पगारी माणूस. एक्स्चेंजकडे आहे, बीएसएनएलकडे आहे, तुझ्या कंपनीत तू आहेस. शाळेत कोण आहे?

भाची : तू.

मामा : मी किती वर्षं?

याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. तिने वेगळी वाट धरली.

भाची : पडदे तारेवर आहेत ना सगळे?

मामा : सहा वायफायवर.

भाची : ते तारेवर आण. यावर मी वाद घालणार नाही.

का, ते मामाला माहीत होतं, मला नंतर कळलं. वायफायवर मल्टिकास्टची पोच मिळत नाही, म्हणून ॲक्सेस पॉइंट तो सर्वांत सावकाश वेगाने फेकतो आणि हवा अडवून ठेवतो. चांगले ॲक्सेस पॉइंट यावर उपाय म्हणून प्रत्येक उपकरणाला वेगळी युनिकास्ट प्रत काढून देतात. शेवटच्या वीस फुटांत मल्टिकास्टचं असं युनिकास्ट होतं, हे मामाने दोनदा म्हणून दाखवलं. त्याला ते फार आवडलं होतं.

भाचीला खरं तर आरपीही नको होती. पाठवणारं यंत्र एकच आणि ठाऊक असलेलं, तेव्हा २३२ च्या पट्टीतला ‘सोर्स स्पेसिफिक’ मल्टिकास्ट लावावा. त्यात पडदा ग्रुपबरोबर उगमाचा पत्ताही मागतो आणि भेटीच्या जागेची गरजच उरत नाही. टवाळांचा प्रश्नही सुटतो. पण त्यासाठी पडद्यांना आयजीएमपीची तिसरी आवृत्ती यायला हवी. ती २००२ पासून आहे. शाळेने घेतलेल्या पडद्यांच्या माहितीपत्रकात दुसरीचाच उल्लेख होता. स्वस्तात घेतलेल्या वस्तू रचना कशी ठरवतात ते असं.

आता माझं मत. कमीत कमी डेटा कशात जातो या प्रश्नावर दोघांचं उत्तर एकच निघालं : लिंकवरून एक प्रत. भांडण उरलं ते नोंदवहीवरून. कोण बघतंय ही नोंद कुठेतरी ठेवावीच लागते. युनिकास्टमध्ये ती पाठवणाऱ्याकडे असते, मल्टिकास्टमध्ये वाटेवरच्या प्रत्येक राउटर-स्विचकडे, मामाच्या तोडग्यात त्या खोक्याकडे. सगळ्यांना एकाच क्षणी मिळालं पाहिजे ही अट असेल, जशी शेअर बाजारात आहे, तर नोंद पाठवणाऱ्याकडे असूच नये. तिथे भाची निर्विवाद बरोबर. मालक अनेक असतील आणि बघणारे जगभर, तर मामा बरोबर. शाळेच्या बाबतीत मी भाचीच्या बाजूला झुकतो, पण तिने दिलेल्या कारणासाठी नाही. साठ पडदे होतील तेव्हा होतील. मात्र खोकं बिघडलं की ते बनवणाऱ्यालाच बोलवावं लागतं. आयजीएमपी आणि पिम हे खुले नियम आहेत, आणि ‘शो आयपी एमराउट’ या आज्ञेचं उत्तर वाचणारा मामानंतरही कुणी ना कुणी मिळेल.

शेवटी ठरलं ते असं : सहा पडदे तारेवर आणायचे, एन्कोडरचा टीटीएल वाढवायचा, व्हीपीएनच्या इंटरफेसवरही पिम चालू करायचा, वर्गांना मल्टिकास्ट आणि घरी बसलेल्या पालकांना यूट्यूब. मामाचं खोकं कपाटात राहील.

तुमच्या संस्थेत असं काम निघालं तर निविदेत ‘स्विच मल्टिकास्टला सपोर्ट करतो’ एवढ्यावर समाधान मानू नका. स्नूपिंग आहे का, क्वेरिअर कोण होणार, पडद्यांना आयजीएमपीची कोणती आवृत्ती येते, हे ठेकेदाराकडून लिहून घ्या. आणि पहिल्यांदा चित्र दिसल्यावर त्याचे हात हातात घेऊन अभिनंदन करण्याआधी त्याला निदान पाच मिनिटं तिथेच बसवून ठेवा.